भाच्याचे मेडिकल

आमच्या भाच्याला वैमानिक व्हायचे आहे. तो सांगलीचा, आम्ही साताऱ्याचे. गेली तीन वर्षे तो बहुतेक आमच्याकडेच राहिला, त्यामुळे त्याच्या मेडिकलची सगळी धावपळ आम्हा दोघांच्या, म्हणजे त्याच्या मामू-मुमानीच्या, देखत झाली. हे लिहायला त्याने परवानगी दिली आहे. नाव घालू नका, एवढेच त्याचे म्हणणे. आपांनी, म्हणजे त्याच्या अम्मीने, होकार द्यायला बरेच दिवस घेतले. शेवटी म्हणाल्या, "आणखी कुणाच्या घरात असं असेल तर त्यांना उपयोग होईल. लिहा."

गोष्ट अशी की या मुलावर दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन केसेस आहेत. पहिली डिसेंबर २०२१ मधली, सांगली-मिरज रस्त्यावरची, मोटारसायकल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दुसरी बरोबर वर्षाने, ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री, साताऱ्याच्या अलीकडे महामार्गावर. मित्राची कार, हा चालवत होता, पुढे नाकाबंदी. दोन्ही वेळा कुणाला इजा झाली नाही. हे आम्ही त्याच्या बाजूने सांगत नाही. अल्लाहने वाचवले, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे कायद्याचे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखे हे जागेवर पैसे भरून मिटत नाही. कोर्टात उभे राहावे लागते, लायसन्स निलंबित होते. आमच्या भाच्याने दोन्ही वेळा गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. पहिल्या दंडाचे पैसे मित्रांनी काढून दिले आणि घरी पत्ताच लागला नाही. दुसऱ्या वेळी मात्र रात्री दोन वाजता आमचा फोन वाजला, कारण साताऱ्यात त्याचे जवळचे असे आम्हीच.

दुल्हाभाई सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचे काम करतात. पाच वक्ताचे नमाजी. त्यांना कसे सांगायचे, याच्यावरच पहिले आठ दिवस गेले. आपांचे एकच वाक्य, "लोगां क्या बोलेंगे?" दारू आपल्यात हराम आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्यामुळे ज्या घरात ती शिरते तिथे दोन गोष्टी लपवल्या जातात, पिणे आणि पिण्याचा आजार. शेजारच्या घरात मुलगा पितो म्हटले तर चारचौघांत निदान रडता तरी येते. आपल्याकडे तेही नाही. "आपल्यात कुणी पीत नाही" हे वाक्य इतक्या वेळा म्हटले गेलेले असते की, जो पितो तो घरात असून नसल्यासारखा होतो.

साताऱ्यात या बाबतीत एक सोय आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र इथलेच. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आहे. म्हणजे या भागातल्या माणसाला दूर कुठे जायची गरज नाही; जायला पाय तेवढे उचलायला हवेत. आम्ही भाच्याला आमच्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिल्याच दिवशी एक कागद पुढे ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी असते, तिला ऑडिट म्हणतात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येते का, आदल्या रात्रीचे आठवत नाही असे झाले का, घरच्या कुणी काळजी बोलून दाखवली का. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचे. भाच्याचे सतरा आले. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "तुमच्या समाजात पिणारे कमी असतील, पण जे येतात ते फार उशिरा येतात. हा लवकर आला. पोलिसांचे आभार माना." त्या वेळी आम्हाला ते बोलणे लागले होते.

तो आमच्याकडे राहिला. आठवड्याला एकदा डॉक्टर, एकदा गटाची बैठक, दिवसा एका वर्कशॉपमध्ये काम. डिग्री पूर्ण केली. आणि २०२४ च्या सुरुवातीला एके दिवशी जेवताना म्हणाला, "मामू, मला पायलट व्हायचंय."

ही इच्छा जुनी. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जुनी जागा आहे. विमान येत नाही, पण विमानतळ होणार, होणार, हे सांगलीकर वर्षानुवर्षे ऐकतात. लहानपणी दुल्हाभाई त्याला सायकलवरून तिथे नेत. आमच्या जिल्ह्यात कराडलाही धावपट्टी आहे, कोयना धरणाच्या काळातली. इकडच्या मुलांना विमान दिसते ते असे, जमिनीवरच्या रिकाम्या जागेच्या रूपात.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तास उड्डाण लागते आणि फी ऐकून आमचे डोळे फिरले. आम्हाला जो आकडा सांगितला गेला तो पन्नास लाखांच्या घरात होता. मिरजेतला प्लॉट विकायचा आणि उरलेले कर्ज काढायचे असे दुल्हाभाईंनी ठरवले. पण पैशाच्या आधी मेडिकल. शिकाऊ वैमानिकाला आधी क्लास टू वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांची यादी असते, त्यांच्यापैकी एकाकडे जायचे. डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. पुढे व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन. त्यासाठीची तपासणी बंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था, दिल्लीचे हवाई दलाचे वैद्यकीय केंद्र अशा ठिकाणी होते. भाच्याचे डोळे उत्तम, कान उत्तम. अडचण फॉर्मची होती. त्यात पूर्वीच्या आजारांबरोबर दारूविषयीही विचारलेले असते आणि खाली, दिलेली माहिती खरी आहे, अशी अर्जदाराची सही असते.

पुण्यातल्या एका एजंटाला विचारले. तो हसला. "सगळीकडे 'नाही'वर टिक करायची, सर. अहो, दारू पिऊन गाडी चालवली ती रस्त्यावर. आकाशाशी काय संबंध?"

आपांना हे पटले. सांगायचे म्हणजे, तेव्हा घरातल्या बहुतेकांना पटले. मुलाने दारू सोडली, तौबा केली, दंड भरला. झाले गेले. वर पुढे लग्न व्हायचे आहे. कागदावर का लिहून द्यायचे? आणि आपांकडे दीनचा दाखलाही होता. आपल्याला शिकवलेच आहे की अल्लाहने ज्या गुनाहवर परदा टाकला तो माणसाने स्वतः उघडून मिरवू नये. ही गोष्ट खरी आहे, आणि लहानसहान नाही. त्यामुळे त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते.

भाचा मात्र गप्प होता. मग त्याने मोबाईल काढला, कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर गेला, जिल्हा निवडला, स्वतःचे नाव आणि वर्ष टाकले. मिनिटभरात केस समोर. कलम, तारीख, निकाल. त्याने फोन आपांच्या हातात दिला आणि म्हणाला, "अम्मी, परदा कुठाय?"

त्या रात्री घरात कुणी फार बोलले नाही.

तरी आम्हाला वाटत होते की सापडण्याच्या भीतीने खरे बोलणे वेगळे आणि खरे बोलायला हवे म्हणून बोलणे वेगळे. समजा, ती केस ऑनलाइन दिसली नसती तर? म्हणून आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांकडे गेलो. तरुण आहेत, समजून घेतात. त्यांनी सगळे ऐकले आणि तौबाच्या शर्ती सांगितल्या. त्या आपल्या सर्वांना माहीत असतात: गुनाह सोडणे, मनापासून पस्तावणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. "आणि त्यात बंद्याचा हक असेल," ते म्हणाले, "तर चौथी. ज्याचा हक त्याला देणे." मग त्यांनी विचारले, "हा मुलगा दारू पिऊन गाडी चालवत होता तेव्हा रस्त्यावर कुणाचा हक होता?" आम्ही म्हणालो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. "आणि विमानात?"

ते पुढे म्हणाले, गुनाह लोकांत सांगत फिरणे मना आहे, कारण त्यातून गुनाहची लाज जाते. पण ज्याच्या हातात दुसऱ्याच्या जिवाची अमानत द्यायची आहे त्याला विचारणारा जेव्हा विचारतो, तेव्हा ती साक्ष असते. सूरह निसामध्ये इन्साफवर कायम राहण्याचा जो हुकूम आहे तो साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी लागू आहे. फॉर्म तपासणारा डॉक्टर हा तुमचा शेजारी नाही. तो मागच्या सीटवरच्या लोकांच्या वतीने विचारतो आहे.

आमच्यापैकी एकाने तीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली आहे. त्यामुळे ही शेवटची गोष्ट आम्हाला लगेच कळली. गाडीत पन्नास माणसे झोपलेली असतात, कुणाच्या मांडीवर मूल. त्यांतल्या एकालाही ड्रायव्हरचे नाव माहीत नसते. डोळे मिटताना त्यांनी कुणावर तरी भरवसा टाकलेला असतो.

एजंटाच्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातल्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी दिले. भाच्याने फॉर्म भरण्याआधीच त्यांची वेळ घेतली आणि सगळे तोंडी सांगितले. ते म्हणाले, रस्त्याचा आणि आकाशाचा संबंध असा की आम्हाला दंडात रस नाही, आम्हाला आजारात रस आहे. माणूस दारूच्या अधीन आहे का, हे तो स्वतः सांगत नाही, घरचे सांगत नाहीत. पोलिसांचा कागद मात्र सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम भारतासह बहुतेक देश पाळतात आणि त्यांत दारूचे अवलंबित्व हा मानसिक व वर्तनविषयक विकारांत धरलेला आहे. तो असेल तर प्रमाणपत्र नाही. पण त्यातून बाहेर आलेला माणूस कायमचा बाद, असेही नाही. प्रश्न पुराव्याचा आहे.

त्यांनी अमेरिकेचे उदाहरण दिले, कारण तिथे हे सगळे बारकाईने छापलेले आहे. तिथल्या मेडिकलच्या फॉर्ममध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक किंवा शिक्षा झाली का, असा स्वतंत्र प्रश्नच आहे. परवाना हातात असलेल्या वैमानिकावर अशी कारवाई झाली तर साठ दिवसांच्या आत कळवावे लागते. खोटे लिहिले तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, हे फॉर्मवरच छापलेले असते. श्वासाच्या किंवा रक्ताच्या तपासणीत ०.१५ टक्के किंवा जास्त निघाले, किंवा तपासणीलाच नकार दिला, तर डॉक्टर स्वतःच्या सहीने प्रमाणपत्र देऊ शकत नाही, प्रकरण वर जाते. हे ०.१५ म्हणजे आपल्याकडचे दीडशे मिलिग्रॅम, आपल्या रस्त्यावरच्या मर्यादेच्या पाचपट. म्हणून पोलिसांच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी सांभाळून ठेवावी असे डॉक्टर म्हणाले. चाळीस आकडा आलेला मुलगा आणि दोनशे आलेला मुलगा, कलम एकच, पण डॉक्टरच्या लेखी दोन वेगळी माणसे. जास्त पिऊनही जो सरळ गाडी चालवू शकतो त्याचे शरीर दारूला सरावलेले असते, आणि ती खरी काळजीची गोष्ट.

भाच्याचे आकडे ६२ आणि ११८ होते. आम्हाला वाटले, दीडशेच्या खाली आहे म्हणजे सुटला. डॉक्टरांनी मान हलवली. "एक केस म्हणजे एखाद वेळी चुकीची रात्र असू शकते. दोन म्हणजे सवय." अमेरिकेच्या नियमात हेच आहे: मागच्या दोन वर्षांत धोक्याच्या परिस्थितीत दारू घेतली आणि तसाच आणखी एखादा प्रसंग कधीही घडलेला असेल, तर तो गैरवापर धरला जातो. आणि अवलंबित्व ठरलेच, तर किमान दोन वर्षे पूर्ण वर्ज्य केल्याचा पुरावा हवा. आपल्याकडे आपले नियम चालतात, पण मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र लिहिताना हा दोन वर्षांचा हिशेब मी धरेन, असे साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांनीही नंतर सांगितले.

इथे खरी परीक्षा आली, आणि ती फॉर्मपेक्षा मोठी होती.

जानेवारी २०२३ मध्ये सोडली असे घरात सगळे धरून होते. म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये दोन वर्षे पूर्ण. त्या हिशेबाने त्याने एका प्रशिक्षण संस्थेत मार्चच्या बॅचची जागा धरली होती, पन्नास हजार रुपये भरून. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही तिघे डॉक्टरांकडे बसलो होतो. डॉक्टरांनी वही उघडली आणि विचारले, "शेवटचा पेग कधी? तारीख सांग." पुढे आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हालाही वेगळे विचारणार आहे. घरच्यांचा जबाब आम्ही लिहून घेतो."

भाचा म्हणाला, "२३ एप्रिल २०२३."

आम्हाला काही कळेना. त्या वर्षी रमजान ईद २२ एप्रिलला होती. २३ म्हणजे बाशी ईद. संपूर्ण महिना त्याने रोजे ठेवले होते, तरावीहला जात होता, आम्ही पाहिले होते. बाशी ईदला मित्रांना भेटायला सांगलीला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून झोपून होता. दीड वर्षात ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. कुठल्याही संकेतस्थळावर ती नाही, पोलिसांच्या कागदात नाही. तो गप्प बसला असता तर जगात कुणाला कळले नसते.

डॉक्टरांनी तारीख लिहून घेतली. म्हणाले, "मग पत्र एप्रिलनंतर." मार्चची बॅच गेली. पन्नास हजारांतले निम्मे परत मिळाले. परतताना एसटी स्टँडपर्यंत तो आमच्या पुढे चालत होता. आम्ही विचारले, का सांगितलेस? म्हणाला, "मुमानी, ते विचारत होते ना." एवढेच. आम्ही पुन्हा विचारले नाही.

एप्रिलपर्यंतचे चार महिने मग रक्त तपासण्यात गेले. याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गैरसमज फार. आज रक्त दिले आणि दारूचा अंश नाही आला म्हणजे झाले, असे लोकांना वाटते. अल्कोहोल तर काही तासांत निघून जाते. डॉक्टर त्याच्या खुणा पाहतात. जीजीटी हे लिव्हरचे एन्झाइम वाढलेले आहे का. पण ते फॅटी लिव्हरने किंवा काही औषधांनीही वाढते, त्यामुळे त्यावर एकट्यावर निकाल देत नाहीत. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार. बरेच महिने पिणाऱ्याचा तो वाढतो आणि पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्याने सोडल्यावर पूर्ववत व्हायला महिने लागतात. सीडीटी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांत जास्त प्यायले गेले का, ते दाखवते. या सगळ्या एकदा करून भागत नाही. पुन्हा पुन्हा, आणि अचानक बोलावून. भाच्याला सकाळी फोन यायचा, दुपारी लॅबमध्ये हजर. चार महिन्यांत पाच वेळा गेला. पाचही वेळा नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे, एक चांगला रिपोर्ट हा फोटो. आम्हाला सिनेमा हवा.

याच दिवसांत त्याने वैमानिकांसाठीचे नियम वाचून काढले आणि आम्हाला ऐकवले. भारतात उड्डाणाआधी बारा तास दारू घ्यायची नाही आणि श्वासाच्या तपासणीत आकडा शून्य हवा. अमेरिकेत आठ तास आणि ०.०४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे आपला नियम कडक. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. हुद्दा पाहत नाहीत. २०१८ मध्ये एअर इंडियाच्या ऑपरेशन्स विभागाच्या संचालकांचाच परवाना लंडनच्या विमानाआधीच्या तपासणीवरून तीन वर्षांसाठी गेला. माउथवॉश आणि टूथ जेलसुद्धा चालत नाहीत, त्यांत अल्कोहोल असते म्हणून. २०२३ च्या मसुद्यात परफ्यूमचेही नाव होते आणि पेपरवाल्यांनी त्यावर बरेच विनोद केले. दुल्हाभाईंना मात्र ते फार आवडले. त्यांनी सांगलीहून अत्तराच्या दोन कुप्या पाठवल्या, बिगर अल्कोहोलच्या, वर चिठ्ठी: आतापासून हेच.

दारू हराम होण्याचा हुकूम एकाच दिवशी आला नाही, हे मौलानासाहेबांनी त्याला समजावून सांगितले होते. आधी नफ्यापेक्षा गुनाह मोठा हे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका, आणि मग पूर्ण मनाई. हजरत उमर यांनी खम्रची व्याख्या केली ती अक्कल झाकणारी वस्तू अशी. भाचा म्हणाला, "डीजीसीएचा शून्य हाच आहे की." आम्हाला हे जुळवणे थोडे ओढूनताणून वाटले, पण त्याला आधार वाटत असेल तर असो.

एका माणसाची हकिकत डॉक्टरांनी त्याला वाचायला सांगितली होती आणि आम्ही घरात सगळ्यांनी ती ऐकली. लाइल प्राउस नावाचे अमेरिकन कॅप्टन. ८ मार्च १९९० ला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे विमान फार्गोहून मिनिआपोलिसला घेऊन आले. आदल्या रात्री भरपूर प्यायले होते, आणि दोघे सहकारीही. उतरल्यावर तिघांना पकडले. सोळा महिन्यांची कैद, नोकरी गेली, सगळे परवाने गेले. वय पन्नाशीच्या पुढे. प्राउसनी दारू सोडली, शिक्षा भोगली, बाहेर येऊन सगळे परवाने पहिल्यापासून पुन्हा मिळवले, मेडिकलसुद्धा. मग त्याच कंपनीने त्यांना परत घेतले आणि १९९८ मध्ये ते मोठ्या ७४७ विमानाचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. अमेरिकेत वैमानिकांवर उपचार करून, देखरेखीखाली त्यांना परत कामावर आणण्याची हिम्स नावाची व्यवस्था १९७० च्या दशकापासून आहे. वैमानिकांची संघटना, कंपन्या आणि सरकार मिळून ती चालवतात. हजारो वैमानिक तिच्यातून परत विमानात बसले. आपल्याकडे असे काही घराघरांत माहीत असते तर आपांसारख्या आयांना 'नाही'वर टिक करायला सांगावे लागले नसते, असे आम्हाला वाटते. लपवणाऱ्याला शिक्षा आणि सांगणाऱ्यालाही शिक्षाच, असे जिथे दिसते तिथे माणसे लपवणारच.

आपांना त्या हकिकतीत एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांनी विचारले, "त्याची अम्मी जिवंत होती का तेव्हा?" कुणाला माहीत नव्हते.

मे २०२५ मध्ये भाच्याने फॉर्म भरला. दारूच्या प्रश्नाला 'होय'. सोबत दोन्ही केसेसचे निकाल, दंडाच्या पावत्या, श्वासतपासणीच्या चिठ्ठ्या, लायसन्स निलंबित झाल्याचा आणि परत मिळाल्याचा कागद, मानसोपचारतज्ज्ञांचे तीन पानी पत्र, पाच रिपोर्ट, आणि त्याने स्वतः लिहिलेले एक पान. ते पान त्याने आम्हाला दाखवले. आम्हाला वाटले होते की माफी मागितली असेल, परिस्थिती सांगितली असेल, वाईट संगत वगैरे. तसे काही नव्हते. कधी, कुठे, किती प्यायलो, किती आकडा आला, शेवटची तारीख, आता काय करतो. बाशी ईदचीही ओळ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी वाचून सांगितले की असेच लिहायचे असते.

एजंटाचे भाकीत होते की लगेच नापास. तसे झाले नाही. पण लगेच पासही झाले नाही. आधी तात्पुरते अनफिट. मग आणखी कागद मागितले, आणखी एका मानसोपचारतज्ज्ञांची भेट, आणखी दोनदा रक्त. पावसाळा त्यात गेला. दुल्हाभाई रोज संध्याकाळी फोन करायचे आणि मेडिकलचे न विचारता पावसाचे विचारायचे. भाचा त्या दिवसांत चिडचिडा झाला होता. एकदा म्हणाला, "खोटं लिहिलं असतं तर आज कॉकपिटमध्ये असतो." आम्ही काही बोललो नाही. खरेच होते ते. त्याच्याबरोबरच्या एका मुलाने तसेच लिहिले असे ऐकतो आणि तो उडतो आहे. खरे बोलणाऱ्याचे काम आधी होते, असे आम्ही त्याला सांगू शकलो नाही, कारण तसे होत नाही. त्या मुलाच्या बाबतीत पुढे काय होईल ते अल्लाहला ठाऊक. दर वर्षी नवा फॉर्म, दर वर्षी तोच प्रश्न, आणि दर वर्षी त्याला तेच उत्तर पुन्हा लिहावे लागणार.

ऑक्टोबरमध्ये क्लास टू मिळाले. भाच्याने फोनवर नुसते "मिळालं" म्हटले आणि आपा इतका वेळ रडल्या की फोन दुल्हाभाईंनी घेतला. मिरजेच्या प्लॉटचा व्यवहार ठरला. आपांनी आपल्या बहिणींना, म्हणजे आमच्या इतर दोन बहिणींना, सगळे स्वतः सांगितले. एकीने फोन ठेवला. दुसरी आठवड्याने आपल्या मुलाला घेऊन साताऱ्याला आमच्याकडे आली. त्याविषयी इथे लिहीत नाही. ती त्यांची गोष्ट आहे.

आता क्लास वनसाठी बंगळुरूला जायचे आहे. तिथे पुन्हा पहिल्यापासून. डोळे, कान, रक्त, आणि तोच प्रश्न. गेल्या शुक्रवारी आपा सांगलीहून आल्या होत्या. जुम्याच्या नमाजनंतर त्यांनी जमिनीवर सगळे कागद पसरले आणि नव्या फाईलमध्ये लावून दिले. कोर्टाच्या दोन्ही पावत्या त्यांनी सगळ्यांत वर ठेवल्या आहेत, विचारल्यावर शोधत बसायला लागू नये म्हणून.